ग्रीन टी : कपात किती, जाहिरातीत किती?

‘ग्रीन टी प्यायल्याने पोट कमी होते का?’ आरोग्य पानाकडे येणाऱ्या प्रश्नांत हा प्रश्न आता मधुमेह आणि रक्तदाबाच्या बरोबरीने येऊ लागला आहे. विचारणाऱ्यांत घरकामाला जाणाऱ्या ताई आहेत, रिक्षा चालवणारे दादा आहेत आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुली तर आहेतच. काही वर्षांपूर्वी ग्रीन टी ही टॉवरमधल्या लोकांची गोष्ट वाटायची. आता वस्तीतल्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी त्याची पाकिटे लटकलेली दिसतात. मोबाईलवर तर रोज कोणी ना कोणी सांगत असते, ‘पंधरा दिवस प्या आणि फरक बघा.’

उत्तर आम्ही आधीच देऊन टाकतो. ग्रीन टी हे साधे, बरे पेय आहे. साखर न घालता, योग्य वेळी, दिवसाला एक-दोन कप घेतला तर बहुतेक धडधाकट माणसांना त्याने काही अपाय होत नाही. पण त्याने वजन उतरत नाही. उतरलेच तर ते काट्यावर दिसणार नाही इतके थोडे. आणि आपल्या घरांतल्या ज्या बाया-मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, त्यांनी तो चुकीच्या वेळी प्यायला तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त. तो कसा, हे नीट समजून घेऊ.

झाड एकच, चहा दोन

काळा चहा आणि ग्रीन टी ही वेगवेगळी झाडे नाहीत. कॅमेलिया सायनेन्सिस नावाच्या एकाच झाडाच्या पानांपासून दोन्ही बनतात. फरक आहे तो पाने खुडल्यानंतर काय केले जाते त्यात. वांगे चिरून ठेवले की थोड्या वेळाने त्याच्या फोडी काळ्या पडतात, ते आपण रोज पाहतो. चहाच्या पानाचेही तसेच होते. पान चुरडले की हवेशी संयोग होऊन ते तांबूस-काळे पडते आणि त्याला तो कडक स्वाद येतो. आपल्या घरातली दाणेदार चहा पावडर पाने चिरडून, फाडून, वळवून करतात. तिला ‘सीटीसी’ म्हणतात.

ग्रीन टी करताना हे काळे पडणेच थांबवतात. पाने खुडल्यावर लवकरच त्यांना उष्णता देतात. जपानात वाफ देतात, चीनमध्ये बहुतेक ठिकाणी कढईत परततात. त्यामुळे पानाचा हिरवेपणा आणि त्यातली ‘कॅटेचिन’ नावाची तुरट द्रव्ये टिकून राहतात. भारतात मुख्यतः काळा चहाच तयार होतो. पण आसाम, दार्जिलिंग, निलगिरी आणि हिमाचलातल्या कांगडा भागातून ग्रीन टीही येतो.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. आपण चहात टाकतो तो गवती चहा म्हणजे ग्रीन टी नव्हे. ते वेगळेच गवत आहे. त्यात चहाचे पान नसते आणि कॅफिनही नसते. वासाला छान, घशाला बरा, पण त्याला ग्रीन टीचे गुण किंवा दोष लावू नका.

दुसरा गोंधळ जास्त महागात पडणारा आहे. ‘स्लिमिंग टी’, ‘डिटॉक्स टी’ अशा नावांनी जी पाकिटे मिळतात, त्यांतल्या काहींत ग्रीन टीसोबत सोनामुखीची पाने असतात. सोनामुखी हे जुलाबाचे औषध आहे. ते घेतल्यावर पोट रिकामे होते, अंगातले पाणी जाते, काट्यावर एखादा किलो कमी दिसतो आणि माणूस खूश होतो. पाणी प्यायले की तो किलो परत येतो. चरबी जागची हलत नाही. हे रोज घेत राहिले तर अंगातले क्षार कमी होतात, अशक्तपणा येतो आणि पुढे पोट साफ व्हायला त्याचीच सवय लागते. म्हणून पाकिटाच्या पुढच्या बाजूचे चित्र पाहू नका, मागची घटकांची यादी वाचा. बारीक अक्षर वाचता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा.

चहाची कीर्ती जुनीच

चहा हे औषध आहे ही समजूत काही आजची नाही. एसाई नावाचे जपानी भिक्खू चीनमध्ये शिकायला गेले होते. ११९१ मध्ये परत येताना त्यांनी चहाचे बी सोबत आणले आणि १२११ मध्ये ‘किस्सा योजोकी’ हे पुस्तक लिहिले. चहा पिऊन आरोग्य कसे राखावे, हाच त्याचा विषय. विहारात रात्री ध्यानाला बसणाऱ्या भिक्खूंना चहाचा उपयोग होता, कारण त्याने झोप उडते आणि मन फार अस्वस्थही होत नाही. आज आपल्याला त्याचे कारण माहीत आहे. चहात झोप घालवणारे कॅफिन असते आणि त्यासोबत मन शांत ठेवायला मदत करणारे थिॲनिनही असते.

दुसरा जुना फायदा आपण विसरतो. चहासाठी पाणी उकळावे लागते आणि उकळलेल्या पाण्यातले जंतू मरतात. जिथे नळाच्या पाण्याचा भरवसा नाही, तिथे हा गुण छोटा नाही.

पण जुनी कीर्ती हा पुरावा होत नाही. एसाईंच्या काळात मोजमापाची साधने नव्हती. आज आहेत. म्हणून चहाचा दावाही मोजूनच घ्यायचा.

वजनाचे खरे गणित

‘ग्रीन टी चरबी जाळतो’ हे वाक्य आले कुठून? १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा इथे संशोधकांनी १० निरोगी तरुण पुरुषांना ग्रीन टीचा अर्क देऊन बंद खोलीत त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च मोजला. चोवीस तासांचा खर्च साधारण ४ टक्क्यांनी वाढला. प्रयोग प्रामाणिक होता. पण त्यात माणसे दहा होती, दिलेला होता तो अर्क आणि मोजलेला होता तो ऊर्जेचा खर्च. त्या माणसांचे वजन किती उतरले, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता. जाहिरातदारांनी मात्र त्यातून ‘चरबी जाळणारा चहा’ तयार केला.

पुढे वजनावरही पुष्कळ प्रयोग झाले. जगभरातले प्रयोग एकत्र करून त्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये अशा १८ प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांत सुमारे १,९०० जाड माणसे होती. बहुतेकांनी साधारण तीन महिने ग्रीन टी किंवा त्याचा अर्क घेतला. जपानबाहेरच्या प्रयोगांत ग्रीन टी घेणारे आणि न घेणारे यांच्या वजनातला सरासरी फरक निघाला ०.०४ किलो. म्हणजे ४० ग्रॅम. आठ चमचे साखरेचे वजन तेवढे भरते! तीन महिन्यांनी एवढा फरक म्हणजे काही फरक नाही. जपानमधल्या प्रयोगांत आकडे यापेक्षा मोठे आले, पण ते एकमेकांशी जुळत नव्हते. वजन एकदा उतरल्यावर ते टिकवायलाही ग्रीन टीची मदत झाल्याचे दिसले नाही.

मग शेजारची ताई ‘माझे चार किलो उतरले’ म्हणते ती खोटे बोलते का? नाही. नीट विचारले तर कळते की तिने ग्रीन टी सुरू केला त्याच आठवड्यात दुधाचा गोड चहा सोडला, बटर-खारी सोडली, रात्रीचा भात निम्मा केला आणि सकाळी मैदानाला फेऱ्या मारू लागली. वजन त्या ताईच्या कष्टाने उतरले. श्रेय मात्र पुडीला गेले.

आपल्या चहाचा हिशेब

गोड चहा सोडल्याने इतका फरक कसा पडतो, ते आपल्याच कपात पाहू. टपरीवरचा असो की घरचा, आपला चहा गोड असतो. एका कपात दोन चमचे साखर धरली आणि दिवसाला चार कप झाले, तर आठ चमचे साखर झाली. चहाच्या एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर मावते. म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम, महिन्याला सव्वा किलोच्या घरात. एका माणसाच्या पोटात, नुसत्या चहातून! चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलोच्या आसपास साखर फक्त चहाला लागते. महिन्याच्या किराण्याच्या यादीशी हा आकडा ताडून पाहा.

एक चमचा साखरेतून सुमारे २० कॅलरी मिळतात. आठ चमच्यांच्या १६०. त्यात दुधाच्या वेगळ्या, बिस्किटांच्या वेगळ्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमच्यांच्या आत ठेवली तर उत्तम. आपण ती मर्यादा दुपारच्या चहालाच ओलांडतो.

म्हणून वजनासाठी चहात काही बदल करायचा असेल तर पहिला बदल साखरेचा. एकदम सोडली तर दोन दिवसांत परत सुरू होते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ हळूहळू सरावते. महिनाभरात दोन चमच्यांचा अर्धा चमचा होतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही, उलट वाचतो. गूळ किंवा मध घातला म्हणजे सुटलो, असे मात्र समजू नका. वजनाच्या आणि मधुमेहाच्या हिशेबात तीही साखरच.

आता ग्रीन टीचा खर्च. २५ पुड्यांचा डबा साधारण दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो. दिवसाला दोन कप म्हणजे महिन्याला ६० पुड्या, घरातल्या एकाच माणसासाठी साडेतीनशे ते पाचशे रुपये. तेवढ्या पैशांत आजच्या भावाने चार-पाच डझन अंडी येतात. घरात वाढत्या वयाची मुले असतील तर हे पैसे कुठे जावेत, ते आम्ही सांगायला नको.

हृदय, साखर आणि कर्करोग

वजन सोडले तर ग्रीन टीचे इतर गुण काय? इथे थोडी चांगली बातमी आहे. जपानच्या ओसाकी भागात ४०,५३० प्रौढ माणसांची ११ वर्षे नोंद ठेवली गेली आणि २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. दिवसाला पाच किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांत, एक कपही न पिणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण पुरुषांत १२ टक्के आणि स्त्रियांत २३ टक्के कमी दिसले. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांच्या बाबतीत फरक ठळक होता. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही.

असे आकडे वाचताना सावध राहायचे. पाच कप चहा पिणारी जपानी माणसे मासे, भाज्या, सोयाबीन किती खातात, चालतात किती, त्यांचे उत्पन्न किती, या सगळ्याचा परिणाम त्यांच्या आयुष्यावर होतो. संशोधक तो हिशेबातून वगळायचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण वगळता येत नाही. प्रत्यक्ष प्रयोगांत ग्रीन टीने वाईट कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब थोडासा खाली आल्याचे दिसते. काही प्रयोगांत उपाशीपोटीची साखरही किंचित कमी आली. हा ‘थोडासा’ गोळीची जागा घेणारा नाही. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी बंद करून ग्रीन टीवर राहणे म्हणजे ब्रेक काढून हॉर्नच्या भरवशावर गाडी चालवणे.

कर्करोगाबद्दल कॉक्रेनने २०२० मध्ये १४२ अभ्यास तपासले. त्यांत ११ लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ग्रीन टी कर्करोग टाळतो असे ठामपणे म्हणता येण्याजोगा पुरावा त्यातून मिळाला नाही. कर्करोग टाळायचा असेल तर तंबाखू, गुटखा आणि मिश्री सोडणे हा खात्रीचा उपाय आहे. आणि चहा कोणताही असो, फार कढत पिऊ नका. ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितले आहे. बशीत ओतून, फुंकर मारून पिण्याची आपल्या म्हाताऱ्यांची पद्धत वाईट नव्हती.

रक्त कमी असेल तर आधी हे वाचा

आता सगळ्यात महत्त्वाचे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे नळावर दहा बाया उभ्या असतील तर त्यांतल्या पाच जणींना तरी दम लागणे, चक्कर येणे, पायात गोळे येणे, काम ओढवत नाही असे वाटणे यांपैकी काहीतरी होण्याची शक्यता. वाढत्या वयाच्या मुलींतही हे प्रमाण मोठे आहे.

चहातली तुरट द्रव्ये जेवणातल्या लोहाला पकडून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. हे काळ्या चहाने होते तसेच ग्रीन टीनेही होते. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतून मिळणारे लोह जेवणासोबत चहा घेतल्यास निम्म्याहूनही कमी शोषले जाऊ शकते. मटण, कलेजी, मासे यांतल्या लोहाच्या मोठ्या भागावर हा परिणाम कमी होतो. पण मटण-मासे रोज कोणाच्या ताटात असतात? रोजचे ताट भाजी-भाकरीचे. त्यामुळे तोटा आपल्यालाच जास्त.

जाहिरात काय सांगते? ‘जेवणानंतर लगेच एक कप ग्रीन टी, चरबी गायब.’ नेमकी हीच वेळ सगळ्यात वाईट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनात चहा-कॉफी जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास टाळा, असे स्पष्ट सांगितले आहे. हा नियम दुधाच्या चहालाही लागू आहे. सकाळी चपाती-चहा, दुपारी जेवण झाले की चहा, संध्याकाळी पाव-चहा असा आपला क्रम असतो. त्यात फक्त वेळ बदलली तरी त्याच जेवणातून जास्त लोह मिळेल. जेवताना लिंबू पिळा, पेरू किंवा आवळा खा. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते.

दवाखान्यातून, अंगणवाडीतून मिळणारी लोहाची गोळी, गरोदरपणातली लाल असो की शाळेत मुलींना मिळणारी निळी, चहासोबत कधीच घेऊ नका. पाण्यासोबत घ्या. गोळी आणि चहा यांत किमान एक-दोन तासांचे अंतर ठेवा. ‘गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या ताईने गोळी कशासोबत घेतो, हे आधी पाहावे.

कॉलेजच्या मुलींशी आम्हाला थोडे वेगळे बोलायचे आहे. नाश्ता सोडून ग्रीन टी, डब्याऐवजी ग्रीन टी, रात्री उपाशी राहून ग्रीन टी असे करून बारीक होण्याचा प्रयत्न अनेक जणी करतात. लग्नासाठी पाहायला येणार म्हणून घरचेही ‘कमी खा’ म्हणतात. उपाशी पोटी ग्रीन टी घेतल्याने मळमळते, पित्त होते, हात थरथरतात. अभ्यासात लक्ष लागत नाही. पाळीत जाणारे रक्त भरून काढायला अन्न हवे आणि तेच तुम्ही बंद केलेले असते. आईबापांनीही समजून घ्यावे: मुलीच्या कमरेपेक्षा तिचे हिमोग्लोबिन आधी मोजा. बाईचे ते १२ च्या वर आणि गरोदर बाईचे ११ च्या वर असायला हवे. पालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

गोळ्या आणि कॅप्सूल : इथे धोका आहे

कपातला ग्रीन टी आणि बाटलीतली ‘फॅट बर्नर’ गोळी यांत मोठा फरक आहे. कपात त्या कॅटेचिनचे प्रमाण मर्यादित असते. गोळीत अनेक कपांचा अर्क एकदम पोटात जातो आणि तो काही माणसांच्या यकृताला झेपत नाही. २००३ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये वजन घटवण्यासाठी विकले जाणारे ग्रीन टी अर्काचे एक उत्पादन यकृताला इजा झाल्याच्या तक्रारींनंतर बाजारातून काढावे लागले. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितले की ग्रीन टीतले ‘ईजीसीजी’ हे मुख्य कॅटेचिन पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतल्यास यकृताला सूज आल्याची खूण रक्ततपासणीत दिसू लागते. साध्या रीतीने केलेला ग्रीन टी मात्र सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला आहे.

जिममधला ट्रेनर, ओळखीची एजंट ताई, सकाळी शेक आणि कोमट ‘हर्बल चहा’ देणारा क्लब, कोणीही अशी गोळी किंवा पावडर दिली तर एक प्रश्न विचारा: यात नेमके काय आहे आणि किती? उत्तर मिळाले नाही तर घेऊ नका. घेत असाल आणि लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, भूक मेली, उजव्या बरगडीखाली दुखू लागले तर गोळी लगेच थांबवा आणि बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ या वाक्यावर अवलंबून राहू नका.

लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. सत्तर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना ही फसवणूक कळली होती. मोबाईलच्या पडद्यावर ती अजून चालू आहे.

कोणी विचारून घ्यावे

रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यांनी ग्रीन टी भरपूर प्यायल्यास गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. रक्तदाबाच्या नॅडोलॉलसारख्या काही औषधांचेही रक्तातले प्रमाण त्याने घटते. थायरॉईडची गोळी उपाशी पोटी फक्त पाण्यासोबत घ्यायची. त्यानंतर अर्धा-एक तास कोणताच चहा नको. यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्रीन टीची सवय लावू नये.

गरोदर बायांनी चहा-कॉफी मिळून दिवसाचे कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. एका कप चहातून साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन जाते. ग्रीन टीत ते बहुधा कमी असते. दोन कपांच्या पुढे जायचे कारण नाही. छातीत धडधडणारे, झोप न लागणारे, पित्ताचा त्रास असणारे यांनी संध्याकाळनंतर ग्रीन टी घेऊ नये. लहान मुलांना कोणताच चहा देऊ नका, ग्रीन टीही नाही.

प्यायचाच असेल तर असा

आवड म्हणून पिणाऱ्यांना आमची ना नाही. पाणी उकळा, गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटे थांबा. मग पुडी किंवा चमचाभर पाने घालून झाकण ठेवा. दोन-तीन मिनिटांनी पुडी काढा. पाने पाण्यासोबत खळखळ उकळली तर चहा कडू जहर होतो आणि मग साखर घालावी लागते. सगळा उद्देशच फसतो. दूध-साखर नको. लिंबाचे चार थेंब चालतील. सकाळी नाश्ता झाल्यावर तासाभराने एक कप आणि दुपारी चारच्या सुमाराला दुसरा, एवढे पुरे.

ग्रीन टी न घेता तोच नेहमीचा चहा बिनसाखरेचा, कोरा घेतला तरी चालेल. झाड एकच आहे, हे विसरू नका.

मग वजन कशाने उतरेल?

आधी वजन खरेच जास्त आहे का, ते पाहा. शिवणाची टेप घेऊन कमरेचा घेर मोजा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. वजन अचानक वाढले असेल तर थायरॉईड तपासून घ्या. तिशीनंतर वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासा.

चहातली साखर कमी करणे ही पहिली पायरी झाली. दुसरी तेलाची. महिन्याचे तेल एकदाच भरा आणि माणशी अर्ध्या लिटरच्या आसपास बसवा. तिसरी ताटाची. भात-चपाती थोडी कमी, डाळ, उसळ, अंडी, भाजी थोडी जास्त. चौथी चालण्याची. दिवसभर भांडी-धुणे करून दमणाऱ्या बाईला ‘व्यायाम कर’ म्हणणे सोपे असते, पण दमणे आणि दम लागेल असे भरभर चालणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास पुरे. वस्तीत जागा नसेल तर सकाळी लवकर मैदान, शाळेचे पटांगण किंवा इमारतीचा जिना. चार-पाच जणी मिळून निघाल्या तर संकोचही वाटत नाही आणि खंडही पडत नाही. पाचवी झोपेची. रात्रपाळी आणि मोबाईल यांनी झोप खाल्ली की भूक वाढते, हे लक्षात असू द्या.

यातले काहीच पुडीत मिळत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही. या महिन्यात निदान दोन गोष्टी करा. चहाच्या डब्याशेजारी ठेवलेला साखरेचा चमचा बदलून लहान चमचा ठेवा. आणि जेवणानंतरचा चहा एक तास पुढे ढकला. घरातल्या सगळ्यांसाठी, बिनखर्चाचे, आजपासून.